मडगावच्या पावसात

जूनमधला मडगावचा पाऊस हा असाच, एकदा लागला की सुटता सुटत नाही. हे लोहिया मैदान. 18 जून 1946 ला याच पावसात इथे माणसं जमली, आणि सभेचा परवाना कोणाकडेच नव्हता.

तेव्हा गोव्यात चार माणसांपुढे बोलायचं तर आधी सरकारकडे जा, काही छापायचं तर कागद सेन्सॉरला दाखवा, अगदी लग्नाची पत्रिकासुद्धा, म्हणजे आपल्याच घरातल्या कार्याची खबर द्यायला पोर्तुगीज साहेबाची मंजुरी. समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया नुकतेच तुरुंगातून सुटलेले, जरा आराम करायला असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले, बर्लिनपासूनची दोस्ती. आराम कुठला, लोक येऊन हे सगळं सांगायला लागले आणि ठरलं, परवाना मागायचाच नाही. माझ्या मते सगळी गोष्ट या न मागण्यात आहे, कारण मागितला असता तर बोलणं सरकारच्या मालकीचं आहे हे आधीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

दोघे घोडागाडीतून आले. अधिकाऱ्याने पिस्तूल काढलं, लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. दोघांना पकडून नेलं, गर्दी मात्र घोषणा देत उभीच राहिली.

आणि हा आग्वाद, पोर्तुगीजांचा किल्ला आणि तुरुंग. बाहेर एवढा समुद्र, आत ही कोठडी. सप्टेंबरअखेर लोहिया परत गोव्यात आले तेव्हा कुळे स्टेशनावरच धरून त्यांना इथे आणलं, दहाएक दिवसांनी हद्दीपार सोडलं. ही भिंत नीट बघा.

पुढे 19 डिसेंबर 1961, गोवा मुक्त झाला, भारताचं संविधान इथेही आलं. त्यातलं कलम 21 म्हणतं, कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणालाही जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्यापासून वंचित करता येणार नाही, आता जे मुळात माणसाजवळ असतं तेच हिरावता येतं ना? आणीबाणीत, 1976 ला, सुप्रीम कोर्टाने हे हक्क माणसाचे मूळचेच आहेत हे मानलं नाही, न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात गेले. 2017 ला नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो जुना निकाल चुकीचा ठरवला.

परत मडगाव. संध्याकाळी सभा आहे, पोरं ओल्या खुर्च्या पुसतायत, एकजण माइक ठोकून बघतोय. हॅलो, हॅलो.