डॉक्टरांना न दिसणारी दुपार

तुमच्यापैकी बरेच जण पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, पेशंटला घेऊन नागपूरला जातात. पहाटेची एसटी, दुपारपर्यंत रांग आणि मग डॉक्टरांसमोर दहा मिनिटं. ‘कसं आहे?’ विचारलं की आपला म्हातारा म्हणतो, ‘बरं हाये.’ खोटं नाही बोलत तो. रांगेतच गोळी घेतलेली असते, त्या घटकेला हात खरंच मोकळा असतो. पण पहाटे चारला कूस बदलता येत नव्हती, हे डॉक्टरांना कसं कळावं?

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या, डोपामिन हे हालचाल सांभाळणारं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपाची गोळी ती उणीव भरते. काही वर्षांनी मात्र गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत टिकत नाही. मग दिवसाचे तुकडे पडतात. सकाळी वावरात जाऊन आलेल्या माणसाला दुपारी सदऱ्याचं बटण लावता येत नाही. कधी गोळीचा जोर जास्त होऊन अंग आपोआप वळवळतं. घरचे त्यालाही कंपच समजतात आणि डोस वाढवायला सांगतात. हे फार घातक आहे.

इथे मनगटावरचं घड्याळासारखं यंत्र कामाला येतं. मोबाईल आडवा धरला की चित्र आडवं होतं ना, तसलाच सेन्सर त्यात असतो. पार्किन्सनचा कंप स्वस्थ ठेवलेल्या हाताला येतो, सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा. ही लय आणि हालचालीचा मंदपणा यंत्र दिवसभर टिपतं. ऑस्ट्रेलियात तयार झालेलं कायनेटिग्राफ नावाचं असंच यंत्र सहाएक दिवस हाताला बांधतात. गोळीची वेळ झाली की ते थरथरून आठवणही देतं.

पण नुसत्या घड्याळावर विसंबू नका. बैलबंडीचे हादरे आणि हाताचा कंप यांत ते गोंधळू शकतं. उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटला, तर मनगटाला ते कळेलच असं नाही. म्हणून सोबत गोळी-जेवणाच्या वेळा लिहायची वही हवी.

एका कास्तकाराच्या घड्याळात रोज दुपारी एक ते तीन मंदपणा दिसायचा. ‘दुपारी हातात जीवच राहत नाई,’ एवढंच ते सांगायचे. सुनेच्या वहीत कारण सापडलं: ‘12.30, तुरीचं वरण, भाकर. लगेच गोळी.’ डाळीतली प्रथिनं लेव्होडोपाला शरीरात शिरताना आडवी येतात. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितली. त्या हंगामात ते दुपारीही कापूस वेचत होते. त्या सुनेचं मला फार कौतुक वाटतं.

घड्याळ, ज्या हाताला त्रास जास्त त्याच हाताला बांधा. घड्याळाच्या नोंदींचा आलेख पाहून डोस स्वतः बदलू नका. आणि ज्यांनी वही आणली आहे, त्यांनी पुढे या. आज सकाळची गोळी किती वाजता घेतली, तिथूनच लिहायला लागू.