बॅशमधलं फंक्शन आलं कुठून? बॅशलाच विचारा!

नमस्कार मंडळी! दुसऱ्याने लिहिलेली बॅशची, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या शेलची, स्क्रिप्ट हातात आलीय, वरती पाच-सहा फाइल्स सोर्स केल्यात, म्हणजे त्यांतला कोड आत वाचून घेतलाय, आणि त्यातलं एक फंक्शन भलतंच काही करतंय. ते लिहिलंय कुठे?

बहुतेक जण लगेच ग्रेप मारतात, म्हणजे फाइल्समध्ये ते नाव शोधतात. पण एकाच नावाचं फंक्शन दोन फाइल्समध्ये असलं, तर ग्रेप दोन्ही दाखवणार. बॅश मात्र शेवटी वाचलेलं धरतं आणि आधीचं विसरतं, तेही वॉर्निंग न देता. कोणतं चालू आहे हे फक्त त्या शेललाच माहीत असतं.

'टाइप' आणि फंक्शनचं नाव दिलं की आतला कोड दिसतो, फाइल नाही. फाइलसाठी हे बघा.

[स्क्रीनवर कमांड]

कंस उघडा. शॉप्ट मायनस एस एक्स्टडीबग, सेमीकोलन, डिक्लेअर मायनस कॅपिटल एफ, फंक्शनचं नाव. कंस बंद. एफ कॅपिटलच हवा, स्मॉल दिलात तर पुन्हा कोडच छापला जाईल.

उबुंटूवर मी गिटच्या प्रॉम्प्टचं फंक्शन विचारतोय, दोन अंडरस्कोअर, गिट, अंडरस्कोअर, पीएस१. बघा: नाव, ओळीचा नंबर आणि फाइल, युएसआर, लिब, गिट-कोअर, गिट-एसएच-प्रॉम्प्ट. होम फोल्डरमध्ये कितीही शोधलं असतं तरी मिळालं नसतं!

ते कंस विसरू नका. एक्स्टडीबग या डीबगिंगच्या सेटिंगमुळे ट्रॅपचं, म्हणजे ठराविक प्रसंगी आपोआप चालणाऱ्या कमांडचं, वागणं बदलतं. कंसामुळे ते सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, सुरू होतं आणि तिथेच संपतं, तुमच्या स्क्रिप्टला धक्का लागत नाही. ही ओळ बिघडलेल्या कॉलच्या अगदी आधी टाका. वर टाकलीत तर नंतरच्या सोर्समध्ये फंक्शन बदललेलं कळणार नाही. आणि फाइल सोर्स करताना रिलेटिव्ह पाथ, म्हणजे चालू फोल्डरपासूनचा पाथ, दिला असेल, तर उत्तरातही तोच येतो. तेव्हा स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरमधून चालवली ते बघा.

कुठलं फंक्शन बिघडलंय हेच ठाऊक नसेल तर सेट मायनस एक्स लावा, म्हणजे चालणारी प्रत्येक कमांड स्क्रीनवर छापली जाते. त्याआधी पीएस४ मध्ये, म्हणजे त्या छापलेल्या ओळींपुढे येणाऱ्या खुणेत, बॅश_सोर्स आणि लाइननो हे दोन व्हेरिएबल घाला, म्हणजे प्रत्येक ओळीपुढे फाइल आणि नंबर येतो. सिंगल कोट्सच वापरा. डबल कोट्समध्ये किंमत तिथल्या तिथे गोठते आणि सगळीकडे एकच नंबर दिसतो.

मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे २०१९ पासून डिफॉल्ट झेडशेल, म्हणजे बॅशऐवजी दुसरं शेल, आहे. तिथे व्हेन्स मायनस व्ही आणि फंक्शनचं नाव द्या, फाइलचा पाथ लगेच मिळेल.