किडनीची अदलाबदल: कायदा काय मागतो?

श्रोतेहो, नमस्कार. ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही डायलिसिस केंद्राबाहेर बसलात तर एक तक्रार हमखास कानावर येते: "बायको द्यायला तयार आहे हो, पण ग्रुपच जुळत नाही." अशा घरांसाठी कायद्याने एक वाट ठेवली आहे. मात्र ती अरुंद आहे.

समजा, ऐरोलीतल्या रुग्ण नवऱ्याचा रक्तगट ए आणि बायकोचा बी. इकडे कळव्यातल्या रुग्ण भावाचा बी आणि बहिणीचा ए. बायकोची किडनी कळव्याच्या भावाला आणि बहिणीची ऐरोलीच्या नवऱ्याला बसवली, की दोघांची अडचण सुटते. हे झालं स्वॅप. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 च्या दुरुस्तीने कलम 9 मध्ये 3ए हे पोटकलम घातलं गेलं, ते यासाठीच.

खरा घोळ होतो तो 'जवळचा नातेवाईक' कोण यावर. नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, सख्खे भाऊ-बहीण, आणि दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. यादी इथेच संपते. सून नाही, जावई नाही. मामा, काका, आत्या, मावसभाऊ कुणीच नाही. सासूला किडनी द्यायला निघालेली सून आपुलकीच्या नात्याने थेट दानासाठी प्राधिकार समितीकडे, म्हणजे अशा दानांना मंजुरी देणाऱ्या समितीकडे, अर्ज करू शकते. पण गट जुळला नाही म्हणून तिला स्वॅपमध्ये आणता येत नाही, कारण स्वॅपमधलं दान जवळच्या नातेवाइकाकडूनच हवं, असं 2014 च्या नियमांत लिहिलेलं आहे. आजच्या लहान कुटुंबांना ही अट जाचक आहे असं आमचं मत. तरी ती आहे तोवर महागड्या तपासण्यांआधी नातं यादीत बसतं का ते बघा.

दुसरं, आपल्या घरातला दाता आपल्या रुग्णाला वैद्यकीयदृष्ट्या चालत नसला पाहिजे: रक्तगटामुळे किंवा क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं रक्त दात्याच्या पेशींना विरोध करतं का ते बघणारी चाचणी, पॉझिटिव्ह आल्यामुळे. "जुळतंय, पण समोरचा दाता तरुण आहे, म्हणून बदलू या" ही मागणी कलमाच्या शब्दांत बसत नाही. ओ गटाच्या रुग्णांची इथे जास्त पंचाईत होते. ओ गटाचा दाता सगळ्या गटांना चालतो, त्यामुळे तो सहसा आपल्याच माणसाला देऊन मोकळा होतो आणि स्वॅपच्या यादीत येतच नाही; ओ गटाच्या रुग्णाला मात्र ओ गटाचीच किडनी लागते. त्यांनी स्वॅपची वाट बघताना झेडटीसीसी मुंबई या अवयववाटपाचं काम बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या प्रतीक्षायादीतलं, म्हणजे मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठीचं, नाव काढू नये.

दोन्ही जोड्यांना मिळून एकच करार करावा लागतो आणि समितीची मंजुरी शस्त्रक्रियेआधी लागते. वर्षाला 25 किंवा अधिक प्रत्यारोपणं करणाऱ्या रुग्णालयाची स्वतःची समिती असते. नाहीतर प्रकरण जिल्हा किंवा राज्य पातळीवर जातं.

पैशांबाबत नीट ऐका. शस्त्रक्रियेचा खर्च, दात्याचा प्रवास, बुडालेला रोजगार यांची वाजवी भरपाई कायद्याला चालते. त्यापलीकडे "आमची किडनी तरुण आहे, वरचे दोन लाख द्या" म्हणणं हा गुन्हा: 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपये दंड. किडनीच्या बदल्यात किडनी हाच मोबदला नाही का, हा प्रश्न अमेरिकेतही आला होता. 2007 च्या नॉरवूड कायद्याने तिथे 'नाही' असं ठरलं.

फाइल अडते ती बहुतेकदा नावांवर. बहिणीच्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच स्पेलिंग. भाऊ-बहीण असल्याचं सिद्ध करायला आई-वडिलांचं नाव असलेले दोघांचेही दाखले लागतात. विवाह प्रमाणपत्र, जुने कौटुंबिक फोटो, नावबदलाचं राजपत्र आधीच जमवा. कागदांवरून नातं पटलं नाही, तर समिती डीएनए चाचणी सांगू शकते. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी, असा नियम आहे. तेव्हा मुलाखतीत तिच्या वतीने घरच्यांनी उत्तरं देऊ नयेत. नकार आला तर त्याची कारणं लेखी मिळतात, आणि आदेश हाती आल्यापासून 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

मंजुरीनंतर तारीख फार लांबवू नका. मधल्या काळात रुग्णाला रक्त चढवलं, तर नव्या अँटिबॉडी तयार होऊन जुळलेली क्रॉसमॅच बिघडू शकते. म्हणून शस्त्रक्रियेच्या तोंडावर ती पुन्हा करतात. आणि करारावर सही असली तरी भूल देईपर्यंत कोणताही दाता माघार घेऊ शकतो. त्याच्यावर सक्ती करता येत नाही. एका घराची किडनी घेऊन झाली आणि दुसऱ्या घराने पाय मागे घेतला, असं होऊ नये म्हणून दोन्ही दात्यांच्या शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी सुरू करतात. रुग्णालय निवडताना विचारा: एका वेळी चार ऑपरेशन थिएटर आणि तेवढ्या टीम तुमच्याकडे आहेत का?