दीड मिलीमीटर

(दृश्य: शटर वर जातं. सकाळचं ऊन थेट इंजिनवर पडतं.)

नाशिकची अंबड एमआयडीसी, सकाळचे साडेआठ. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेसचा ठोका सुरू झालाय. या गाळ्यात रोज ग्रिल आणि गेटं बनतात. आज मात्र बॉनेट उघडून उभी आहे माझ्या वडिलांची मारुती एस्टीम, तेराशे सीसीची. १९९४ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा कॉलनीत एखाद्याच्याच दारात दिसायची. वडिलांनी हिला नातवासारखं जपलंय. आता ती माझ्याकडे आहे आणि मला तिच्यासाठी स्ट्रट बार बनवायचाय. विकतचा नको, इथेच, या गाळ्यात घडवलेला हवाय.

मुळात हा बार कशासाठी?

ट्रक किंवा जुनी जीप आठवा. खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर बॉडी. एस्टीमला अशी वेगळी चासी नाही. पत्र्याला घड्या घालून, जागोजागी स्पॉट वेल्ड मारून जी पेटी तयार होते, तीच हिची चासी. पुढच्या चाकांचा भार स्ट्रटमधून, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या उभ्या जोडीतून वर येतो आणि बॉनेटखालच्या पत्र्याच्या दोन बुरुजांवर पडतो. त्यांना टॉवर म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. १९५० साली ब्रिटनमध्ये दाखवलेल्या फोर्ड कॉन्सलला ती होती, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या बाजूला तीच असते. स्वस्त, आटोपशीर, कमी जागेत बसणारी. पण सगळा भार दोन टॉवरांच्या माथ्यावर येतो आणि टॉवर शेवटी पत्र्याचेच. वळणावर भार एका बाजूला गेला की ते किंचित हलतात. ते हलले की चाकाचा कोन बदलतो. या दोघांनी एकमेकांना धरून राहावं, म्हणून मधे बार.

माझा पहिला बार फसला. एअर फिल्टरचा डबा आड येत होता, म्हणून मी पाइप मधे वाकवून वरून नेला. दिसायला देखणा झाला. मामांनी, म्हणजे या गाळ्याच्या मालकांनी, तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "अरे, ही तर स्प्रिंग झाली!"

त्या रात्री मी कागदावर गणित मांडलं. पाइपचा बाहेरचा व्यास २५ मिलीमीटर, जाडी २ मिलीमीटर, लांबी साधारण ९०० मिलीमीटर. सरळ ठेवला तर त्याला एक मिलीमीटर दाबायला सुमारे ३२०० किलोचा जोर लागतो. तोच पाइप मधल्या बहुतेक लांबीत ४० मिलीमीटर वर उचलला आणि टोकं हलती धरली, तर जेमतेम दीडशे किलोत तो तेवढाच दबतो. लोखंड तेच, वजन जवळजवळ तेच, आणि ताठपणा विसाव्या हिश्शावर. सरळ पाइप दाब आणि ताण अंगावर घेतो. वाकवलेला पाइप आणखी वाकतो.

म्हणून दुसरा बार टॉवरांच्या मागच्या कडेने, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला लागून नेला. तिथे डबा आड येत नाही. सरळ रेष मिळाली.

(दृश्य: पुठ्ठ्यावर टॉवरचा माथा आखला जातोय.)

आधी पुठ्ठ्याचा साचा, मग ५ मिलीमीटरच्या एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या प्लेटमधून तो आकार कापायचा. पाइप काळा, ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी गोल वळवून सांधा वेल्ड केलेला. नळकामाच्या दुकानातला जीआय पाइप घेऊ नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुन्या वेल्डरांना तो ताप चांगला माहीत आहे.

स्ट्रटच्या माथ्यावर मधोमध एक मोठा नट दिसतो. त्याला हात लावायचा नाही. त्याच्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. आपलं काम फक्त कडेच्या नटांशी. तेही सगळे एकदम सोडायचे नाहीत.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी ही फिल्म करतोय.

गाडी पुढून उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर ठेवली होती. दोन्ही प्लेटा टॉवरवर बसवल्या, पाइप मधे धरला, मामांनी सीओटू वेल्डिंगने चार टाके, म्हणजे तात्पुरते छोटे वेल्ड मारले. बार काढला, पुन्हा घातला, अगदी बरोबर बसला. मग चहा झाला. गाडी खाली उतरवली, चाकं जमिनीला टेकली, आणि बार बसेना. डावीकडची भोकं जुळली तर उजवीकडची चुकतात. कॅलिपर लावलं. दीड मिलीमीटर.

मामांनी काही न बोलता जॅक मारून गाडी पुन्हा उचलली. बार टपकन बसला. खाली उतरवली, पुन्हा बसेना.

ज्या पेटीला मी इतकी वर्षं दगडासारखी घट्ट समजत होतो, ती फक्त स्वतःच्या वजनाने हलत होती, आणि ते मला एका बोल्टच्या भोकात दिसत होतं. घाटात काय होत असेल!

टाके ग्राइंडरने उडवले. गाडी चाकांवर उभी ठेवून, बॅटरीची वायर काढून, इंजिनवर ओलं गोणपाट टाकून नव्याने टाके मारले. पूर्ण वेल्डिंग मात्र टेबलावर, प्लेटा जाड चॅनलला बोल्टने आवळून केलं, कारण वेल्ड थंड होताना लोखंड ओढतं. मग रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग. नट आवळल्यावर टॉवरमधून वर आलेल्या स्टडचे दोन आटे तरी बाहेर दिसायला हवेत. आमचे तीन दिसले.

फरक पडला का? पडला, पण आधी टायर आणि सस्पेन्शनचे झिजलेले रबरी बुश बदलले होते, हेही सांगायला हवं. ते खराब असताना बार लावून पैसे फुकट जातात. आणखी एक धोका आहे. एका बाजूला जोराची धडक बसली तर हा बार तो मार पलीकडच्या टॉवरपर्यंत नेऊ शकतो. हे जाणूनच मी तो लावलाय.

(दृश्य: कसारा घाट, पहाटेचं धुकं.)

वडील शेजारी बसलेत. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही. तिसऱ्या वळणानंतर ते विचारतात, "अलाइनमेंट करून आणलीस का रे?"