माझ्या शेजारी कोण बसणार?

(रिकामी खोली. भिंतीला लावलेले खोके. एका खोक्यावर स्केचपेनने लिहिलंय : 'वह्या, रंग, जुनं दप्तर'.)

सामान अजून सुटलेलं नाही. कुठल्या बटणाने कुठला दिवा लागतो, तेही हाताला सवयीचं झालेलं नाही. आणि तरी दोन दिवसांपासून या घरात एकच विषय चाललाय : हिची शाळा.

ही सात वर्षांची. दुसरी अर्धी झाली ती तिकडे, उरलेली अर्धी आता इथे. आईबाबांनी आसपासच्या पाच शाळांची यादी केली आहे. यादीत फी आहे, निकाल आहे, अंतर आहे, मैदान आहे की नाही त्याची खूण आहे. मुलीने यादी वाचली नाही. तिने एवढंच विचारलं, "आई, माझ्या शेजारी कोण बसणार?"

आई म्हणाली, "बसेल गं कुणीतरी." आणि पुन्हा यादीकडे वळली.

आम्ही मात्र त्या प्रश्नापाशी थांबलो. कारण जागा बदलून आलेल्या मुलासाठी शाळा शोधायची, तर मुळात हेच शोधायचं असतं : गाडी अर्ध्या वाटेवर असताना चढलेल्या मुलाला ही शाळा जागा कशी करून देते?

(शाळेच्या दारावरचा निकालाचा फलक. कॅमेरा आकड्यांवरून सरकतो.)

पालकांची नजर आधी इथे जाते. साहजिक आहे. पण हा फलक दिसतो तेवढं सांगत नाही. १९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४,००० शाळांमधल्या ६ लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी मांडली. मुलांच्या गुणांमध्ये जो फरक दिसत होता, त्याचा शाळेच्या इमारतीशी आणि साधनांशी संबंध थोडा होता. घरच्या परिस्थितीशी कितीतरी जास्त. त्या निष्कर्षांवर पुढे भरपूर वाद झाले. शिक्षक चांगला असला की मुलात खूप फरक पडतो, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसलं. तरी एक शंका तेव्हापासून कायमची मागे लागली आहे : हे गुण शाळेने मिळवून दिले, की मुलं घरूनच घेऊन आली? फलकाला ते विचारता येत नाही. वर्गात जाऊन बघावं लागतं.

(वर्ग. बाकांच्या रांगा. मागून दिसणारी डोकी.)

वर्गात गेलात की आधी डोकी मोजा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या वर्गांत वाटलं. काही वर्गांत १३ ते १७ मुलं, काहींत २२ ते २५. बालवर्गापासून तिसरीपर्यंत हा प्रयोग चालला आणि लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे राहिली. नव्या मुलासाठी तर हा आकडा जास्तच महत्त्वाचा. गर्दीच्या वर्गात जुन्या मुलांची नावं शिक्षकांच्या तोंडी असतात, जे गप्प बसलंय ते नवं मूल आठवडाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग शाळा सुटल्यावर, वर्ग रिकामा असताना, मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा.

(टाळी. घुमणारा आवाज. काही क्षण शांतता.)

ऐकलंत? जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिकवणं चालू असताना वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये आणि आवाज घुमण्याचा काळ साधारण ०.६ सेकंद असावा. सात वर्षांच्या मुलाला अर्धवट ऐकू आलेलं वाक्य मोठ्यांसारखं अंदाजाने पुरं करता येत नाही. बोलण्याचा ढंगही नवा असेल, तर घुमणाऱ्या खोलीत त्याचे निम्मे शब्द हवेतच विरतात. शाळेच्या माहितीपुस्तिकेत या गोष्टीचा फोटो नसतो.

स्वच्छतागृहही बघून या, आणि मुलांचं बघा, कार्यालयाशेजारचं नको. घाण वाटलं किंवा दाराला कडी नसली, की मुलं दिवसभर रोखून धरतात, त्यासाठी पाणी प्यायचं टाळतात. नवं मूल तर 'बाई, जाऊ का?' विचारायलाही धजत नाही.

(पाटीवर खडूने उदाहरण मांडणारा हात : ५२ वजा २७.)

आता ज्याबद्दल फार कमी पालक विचारतात, ते. या उदाहरणाचं उत्तर २५. पण तिथवर जायच्या वाटा किती! एका शाळेत ५२ मधला एक दशक सुटा करतात, १२ तून ७ काढतात, उरलेल्या ४ दशकांतून २. दुसऱ्या शाळेत वरच्या दोनाचे बारा करतात आणि त्या बदल्यात खालच्या दोनाचे तीन. तिसरीकडे मुलं २७ पासून चढत जातात : ३ मिळवले की ३०, आणखी २० की ५०, आणखी २ की ५२. तिन्ही बरोबर. पण जे मूल पहिल्या वाटेने शिकलंय आणि दुसऱ्या वाटेच्या वर्गात येऊन पडलंय, त्याच्या वहीत बरोबर उत्तरावर लाल रेघ बघितली आहे मी. ती रेघ माझ्याच वहीत होती. मी तिसरीत होतो, आमची बदली झाली होती, आणि त्यानंतर बरेच दिवस वर्गात हात वर करायचा मला धीर झाला नाही.

धड्यांचा क्रमही असाच. एका शाळेत अपूर्णांक शिकवून झालेले असतात, दुसरीकडे पुढच्या महिन्यात घ्यायचे असतात. मूल एखादी गोष्ट दोनदा शिकतं आणि दुसरी एखादी शिकायचीच राहते. तेव्हा जुन्या वह्या रद्दीत घालू नका. दाखल्यांच्या फाइलबरोबर त्याही घेऊन जा आणि वर्गशिक्षकांसमोर उघडा. त्या चाळून बघतात, की 'राहू द्या, आमचं वेगळं असतं' म्हणून मिटून ठेवतात, एवढ्यावरून शाळेविषयी खूप काही समजतं.

(मधली सुट्टी. मैदानावरचा गलका.)

घरातली भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी असेल, तर आणखी एक काळजी. मैदानावर मूल लवकर बोलायला लागतं, आणि घरी वाटतं, जमलं! जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ पासून हा फरक सातत्याने मांडला. रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण धडा समजून घेण्याची, उत्तर लिहिण्याची भाषा त्या वयाच्या इतर मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. जी शाळा हे जाणते, ती घरची भाषा बंद करायला सांगत नाही आणि सहा महिन्यांत मुलाला 'कच्चं' ठरवत नाही.

(मुख्याध्यापकांचं टेबल. आई, बाबा, मुलगी.)

कार्यालयात विचारायचं काय? असं विचारा : यंदा वर्षाच्या मध्येच किती मुलं आली? पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत कोण होतं? महिन्याने तुम्ही त्यांचं काय पाहिलंत? 'आमच्याकडे सगळी मुलं रमतात' हे उत्तर झालं नाही. 'गेल्या महिन्यात एक मुलगा आला, तो सुट्टीत खाली उतरायचा नाही, म्हणून आम्ही...' हे उत्तर झालं.

आणि मुलाला बरोबर न्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं, की मुलाशी संबंधित बाबींत त्याला आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि त्याच्या वयाप्रमाणे त्या मताला वजन मिळालं पाहिजे. निर्णयाचं ओझं सात वर्षांच्या जिवावर टाकायचं नाही. पण तिने पाहिलेलं तिला सांगू द्यायचं.

यादीतल्या चार शाळांत तिच्याशी कुणी बोललंच नाही. पाचव्या शाळेत मुख्याध्यापिका खुर्ची सरकवून तिच्यासमोर येऊन बसल्या. "बोल, तुला काय विचारायचंय?"

तिने विचारलं. अर्थात तेच.

बाईंनी थोडा विचार केला आणि दुसरीच्या वर्गातून एका मुलीला बोलावून घेतलं.

(फाटक. शाळा सुटली आहे. पहिला दिवस.)

आई विचारते, "कसं होतं गं?"

"इथे वजाबाकी वेगळी करतात."

"मग?"

"मग बाईंनी माझीपण फळ्यावर लिहिली."