दोन शब्दांमधली जागा

नाशिकमध्ये 'शरणपूर रोड' हे नाव दिवसातून कितीदा तरी तोंडी येते, रिक्षावाल्याला सांगताना, कुरिअरवर पत्ता घालताना. त्यातला 'शरण' हा शब्द मात्र सहसा कोणाच्या कानात थांबत नाही.

१८५४च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनचे विल्यम साल्टर प्राइस यांनी येथे ख्रिस्ती वस्ती उभारली. गुलामांचा व्यापार करणाऱ्या अरबांच्या गलबतांतून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईमार्गे याच वस्तीत आली. ज्यांचे गाव, भाषा आणि आईबाप एका फटक्यात हिरावले गेले होते, त्या मुलांना गोदाकाठी अक्षरओळख मिळाली आणि पोटापाण्याचा धंदाही हाती आला. जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच एक. १८७३मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचे शव हजार मैलांहून अधिक अंतर वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधील दफनाच्या वेळी शवपेटीबरोबर चालणाऱ्यांतही तो होता. नाशिकच्या शाळेत शिकलेला हा तरुण एकेकाळी गुलाम म्हणून विकला गेला होता. मात्र 'जेकब वेनराइट' हे त्याच्या आईने ठेवलेले नाव नव्हते, हेही येथेच सांगितले पाहिजे. आसरा मिळाला, पण त्यासोबत परक्यांचे नावही मिळाले.

आजचा ख्रिस्ती धर्म येशूच्या मूळ शिकवणीला धरून आहे का, हा प्रश्न आम्ही शरणपुरातून विचारायला निघालो, तो यासाठी.

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत मंडळी उभी राहून विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणते. येशू कुमारी मरीयेपासून जन्मला, असे त्यात येते, आणि लगेच पुढे, पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या वेळेस त्याने दुःख भोगले, असे येते. 'जन्मला' आणि 'दुःख भोगले' या दोन शब्दांमध्ये काहीच नाही. डोंगरावरील प्रवचन नाही, शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा नाही, देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी करता येत नाही हा इशारा नाही, रस्त्यात जखमी पडलेल्याला उचलून नेणारा परक्या जमातीचा शोमरोनीही नाही. ज्या दिवसांमध्ये येशू गालीलात पायी हिंडला, कुष्ठरोग्यांना शिवला आणि जकातदारांच्या पंगतीला बसला, ते सारे दिवस या जागेत नि:शब्द राहिले आहेत.

हे कसे घडले, याचा इतिहास ठाऊक आहे. ३१३मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, ३२५मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या बोलावण्यावरून निकेया येथे बिशपांची परिषद भरली आणि ३८०मध्ये तो साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरला. ज्याला रोमन सत्तेने क्रूसावर खिळले, त्याचा धर्म ३१३पासून सात दशकांच्या आत त्याच सत्तेच्या आसनाशेजारी जाऊन बसला. येशू कोण होता, हे काटेकोर शब्दांत ठरवणे तेव्हा निकडीचे झाले. तो काय करायला सांगत होता, हे मागे पडले. याचा सगळा दोष आरंभीच्या काळातला प्रेषित पौल याच्या माथी मारण्याची रीत आहे, ती मला पटत नाही, कारण ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे लिहिणारा पौलच होता आणि यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत फिरणाराही तोच होता.

आपल्याकडे या भेदाचे नाव जात आहे. १९३०मध्ये काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे सत्याग्रह करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५मध्ये याच जिल्ह्यातील येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. कोणता धर्म, याचा शोध घेताना त्यांनी ख्रिस्ती समाजाकडेही बारकाईने पाहिले, आणि बाप्तिस्म्यानंतरही जात माणसाच्या पाठोपाठ चर्चमध्ये येते, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. या आक्षेपाला ख्रिस्ती समाजाने अजून पुरते उत्तर दिलेले नाही, आणि येशूच्या कसोटीवर याहून गंभीर आक्षेप मला दिसत नाही.

उत्तर देऊ पाहणारी माणसे मात्र झाली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक कडकडीत सोवळ्याच्या घरात वाढल्या आणि पुढे सर्वांच्या पंगतीला बसल्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, येशूला अभंगात आणि ओवीत आणले, आणि १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

आता पवित्र गुरुवारची संध्याकाळ आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी ते गुलामाचे काम होते. फादर गुडघ्यांवर बसतात. समोर परात आहे, तांब्यात कोमट पाणी आहे, कमरेला पांढरा टॉवेल आहे. बारा जण ओळीने बसलेले आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत, कारण २०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या विधीत त्यांनाही घेता येईल असे अधिकृतपणे जाहीर केले. बहुतेकांनी पाय घरूनच घासून धुऊन आणले आहेत. ओळीत शेवटी बसलेल्या बाईची टाच द्राक्षबागेतल्या कामाने भेगाळली आहे, आणि भेगांतला काळेपणा साबणाने गेलेला नाही. तिची पाळी येते, तेव्हा ती पाय मागे घेते. फादर तांब्या हातात धरून तसेच थांबतात. थोड्या वेळाने ती स्वतःच पाय परातीत ठेवते.