व्यवस्थेचीही चाचणी हवी

श्रोतेहो, नमस्कार.

नैराश्यावर गुणकारी औषधे उपलब्ध आहेत, संवादातून केल्या जाणाऱ्या उपचारांच्या सिद्ध झालेल्या पद्धतीही आहेत, आणि तरीही जगातल्या बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. हे उपचार माणसापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था कुठे अडते आणि कशाने सुधारते, हे तपासणाऱ्या चाचण्यांना पुरेसा आणि दीर्घ मुदतीचा निधी मिळाला पाहिजे, ही मागणी आज मी आपल्यासमोर मांडणार आहे.

अशा चाचणीत नेमके काय घडते, हे अमेरिकेतील ‘इम्पॅक्ट’ या चाचणीवरून समजून घेऊ. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. साठ वर्षे व त्यापुढील वयाचे १८०१ नैराश्यग्रस्त रुग्ण तिच्यात सहभागी होते आणि कोणाला कोणत्या गटात घालायचे हे यदृच्छेने ठरवले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटासाठी दवाखान्यातच एक प्रशिक्षित परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ नेमण्यात आला. रुग्णाला फोन करून विचारपूस करणे, लक्षणे किती उतरली याची नोंद ठेवणे, आणि सुधारणा दिसत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून उपचार बदलायला लावणे, हे त्याचे काम. वर्षभरानंतर या गटातील ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते. विशेष म्हणजे यासाठी एकही नवे औषध शोधावे लागले नव्हते.

गोव्यातील ‘मानस’ चाचणी मला याहूनही महत्त्वाची वाटते. तिथे रुग्णांऐवजी दवाखानेच यदृच्छेने दोन गटांत विभागले गेले: १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने यांपैकी प्रत्येक प्रकारातल्या काहींत नवी पद्धत आणली, तर काहींत नेहमीचीच ठेवली. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण रीतसर प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांवर नव्या पद्धतीत मोठी जबाबदारी सोपवली होती. २०१० मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या सरकारी केंद्रांत सुमारे ४२ टक्के आढळले. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडलाच नाही. कार्यपद्धती एकच, पण दोन व्यवस्थांत तिचे फळ निराळे. केवळ तज्ज्ञांच्या बैठकीत बसून हे कोणालाही आधी सांगता आले नसते, आणि ‘फरक पडला नाही’ हे उत्तरसुद्धा कोणत्याही सरकारचा पुढचा खर्च वाचवू शकते.

मग अशा चाचण्या विरळा का? नवे औषध विकता येते, म्हणून कंपनी त्याच्या चाचणीवर पैसा लावते. परिचारिकेने केलेल्या फोनचे पेटंट कोणी घेत नाही. त्यामुळे हा भार सरकारांवर आणि विश्वस्त संस्थांवर येतो. ‘इम्पॅक्ट’ला जॉन ए. हार्टफर्ड फाउंडेशनने, तर ‘मानस’ला वेलकम ट्रस्टने अर्थसाहाय्य दिले होते. सरकारांची स्थिती अशी की, जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार आरोग्यावरील सरकारी खर्चातला मानसिक आरोग्याचा वाटा साधारणपणे अवघा दोन टक्के भरतो. संशोधनाला त्यातून काय उरणार?

निधी मंजूर होतो तेव्हाही हिशेबात एक बाब हमखास आखडती घेतली जाते, ती म्हणजे देखरेख. समुपदेशकाला आठवड्याला कोणीतरी ज्येष्ठ व्यक्तीने भेटणे, अवघड रुग्णांविषयी त्याच्याशी बोलणे, आणि जो रुग्ण यायचा थांबला त्याचा माग काढणे, यांवर वेळ आणि पगार खर्च होतात. न आलेल्या रुग्णाला गाठले नाही तर निष्कर्षच लटके पडतात, कारण ज्यांचे बिनसले तेच बहुधा गळालेले असतात.

दुसरी अडचण मुदतीची आहे. भरती, प्रशिक्षण आणि परवानग्या यांत बराच काळ जातो, आणि चाचणी यशस्वी ठरली तरी अनुदान संपताच समुपदेशकांच्या नेमणुकाही संपतात. म्हणून निधी देणाऱ्यांनी अर्ज स्वीकारतानाच विचारावे की, गुण आल्यास ही पदे पुढे कोणत्या खात्याच्या अंदाजपत्रकात जाणार आहेत, आणि त्या खात्याचा अधिकारी पहिल्या बैठकीपासून सहभागी करून घ्यावा. प्रस्तावांची निवड करणाऱ्या समितीवर रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे कुटुंबीयही असावेत, कारण लक्षणांचे गुण किती उतरले याच्या जोडीला माणूस कामावर परतला का, त्याची झोप आणि घरातले बोलणे पूर्ववत झाले का, हे मोजायला हवे, असा आग्रह तेच धरतील.